कापील त्याने मागून उचलावे

४ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

आशीर्वाद. थोरल्या बहिणीने ते रागावलेली असतानाही द्यावयाचे असतात, म्हणून आधी ते देऊन मोकळी होते.

तुझे पत्र पोहोचले. नऊ वर्षांच्या मौनानंतर चार ओळी, आणि त्यांतही कुशल विचारण्यापुरती जागा उरली नाही! "नानांची स्मृती जात आहे असे डॉक्टरांकडून कळले. त्यांच्या उरलेल्या काळात मलाही वाटा हवा. एका छपराखाली आपल्या दोघांचे जमत नाही, हे आईच्या आजारात दिसलेच आहे. तेव्हा आईचाच नियम लावू. तू काप, मी उचलतो."

अरे, नाना म्हणजे फळ आहे काय?

आईचा नियम मी विसरलेले नाही. फळ एक आणि तोंडे दोन असली की एकाच्या हाती सुरी द्यायची आणि दुसऱ्याला आधी फोड उचलू द्यायची. कापील त्याने मागून उचलावे. आणि एकदा उचललेली फोड परत ताटात ठेवायची नाही. तेवढ्यावर आपले बालपण भांडणावाचून पार पडले. पण ते फळांपुरते होते. पित्याची सेवा हा धर्म आहे, आणि धर्माच्या फोडी होत नाहीत असे मी आजवर वाचत आणि शिकवत आले.

डॉक्टरांनी तुला सांगितले तेच मला सांगितले. माणसे ओळखणे आणखी दोन-तीन महिने टिकेल, देह मात्र वर्षभरही चालेल. नानांची खोली बदलू नये; परक्या भिंती दिसल्या की आहे तेवढेही जाईल. म्हणजे तुझ्या योजनेप्रमाणे ज्याचा वाटा असेल त्याने या घरात राहावे, आणि दुसऱ्याने तुझ्या चौथ्या मजल्यावर, त्या दूरच्या शहरात जाऊन बसावे. छान! सत्तरी ओलांडल्यावर मला घराबाहेर काढण्याचा इतका सभ्य मार्ग तुझ्यासारख्या गणित्यालाच सुचावा.

येथे सर्व ठीक आहे. सकाळी मी पाठ म्हणते. प्रत्येक चरणाचा शेवटचा शब्द मी मुद्दाम गाळते आणि नाना तो पुरवतात. तेवढा वेळ ते पूर्वीचे नाना असतात. दिवसभरासाठी एक परिचारिका येते. चांगली आहे, फक्त बोलते फार. अक्षर वाकडे वाटले तर लेखणीचा दोष समजावा.

तुझ्या मागणीला माझा नकार आहे.

केवळ जिज्ञासा म्हणून विचारते. कापणाऱ्याने नेमके कोठे कापावे, याविषयी तुमचे शास्त्र काय सांगते?

ताई

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि परिचारिका लिहिते आहे. माझी लेखणी अजून दुरुस्त झालेली नाही.

तू पाठवलेला चौकटींचा तक्ता समजून घेण्यात तीन सकाळी गेल्या. उभ्या घरांत तू, आडव्या घरांत मी, आणि प्रत्येक चौकटीत दोन आकडे, एक तुझ्या लाभाचा, एक माझ्या. कापणाऱ्याची उत्तम नीती एकच, असे तू लिहितोस. कोणतीही फोड मागे उरली तरी स्वतःला सारखेच समाधान वाटेल अशा जागी त्याने सुरी टेकवावी. मग उचलणारा आपल्याला आवडेल ते घेतो, कापणाऱ्याला खेद उरत नाही, आणि दोघांपैकी कोणालाही आपली चाल बदलावीशी वाटत नाही. याला तुम्ही समतोल म्हणता.

समत्वाची थोरवी मी चाळीस वर्षे वर्गात सांगितली. परंतु ते समत्व मनात असते, तुमचे चौकटीत. तू पुढे लिहितोस की समतोल हा चांगलाच असतो असे नाही. ज्या जागेवरून एकट्याने हलले तर हलणाऱ्याचाच तोटा होतो, ती जागा म्हणजे समतोल. मग ती कितीही वाईट असो. हे वाचून मी उठले, खिडकी लावली, पुन्हा उघडली. नऊ वर्षे आपण दोघे अशाच एका जागी बसून होतो, हे तू मला सांगत होतास की केवळ उदाहरण देत होतास?

असो. जिज्ञासेपोटी मी कापून पाहिले.

प्रथम सुरी जूनअखेर टेकवली. पहिला वाटा जूनपर्यंतचा, दुसरा तेथून शेवटपर्यंतचा. कोणता उरला तर चालेल? दुसरा. म्हणजे पहिला मोठा करायला हवा, तुझ्या रीतीप्रमाणे. सुरी सप्टेंबरवर नेली. तरीही दुसराच. नोव्हेंबरवर नेली. दुसरा. मग उलट सुरी मागे आणत गेले, आणि कोठेही टेकवली तरी माझे मन शेवटाकडेच धावते. तू म्हणतोस की सुरी सरकवत गेले की कोठेतरी पारडी सारखी होतात. माझी होत नाहीत. तुझ्या शास्त्राने फळ सर्वत्र मऊ धरले आहे. या फळाला कोय आहे, आणि तिच्यावर सुरी चालत नाही.

कारण तुला पटणार नाही, तरी सांगते. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांना नाम सांगितले, त्यांच्या कानात अखेरीस नाम सांगणारे कोणीतरी हवे. तो एक क्षण ज्या वाट्यात पडेल तो वाटा मला मोठा. मग त्याच्याबरोबर दुसरे काही नसले तरी.

हे लिहिता लिहिता परिचारिका हसते आहे. म्हणते, "बाई, माणसाचे वाटे करताना पहिल्यांदाच बघतेय. आमच्याकडे सासऱ्याला फुकट देतो म्हटलं, तरी कोणी उचलत नाही!" तिला म्हटले, हेही लिही. लिहिले.

ताई

दादा, मी परिचारिका. बाई आत गेल्यात म्हणून पटकन लिहिते. लेखणीबिखणी काही नाही, बाईंचं मनगट मोडलंय. नानांना एकट्याच उचलायला गेल्या. प्लास्टर आहे. सांगू नको म्हणाल्या, म्हणून मी सांगितलं नाही, फक्त लिहिलं. काय ते कापा आणि लवकर या.

९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

प्लास्टरमधून बोटे बाहेर राहतात, त्यामुळे पुढची पत्रे मीच लिहीन. परिचारिकेशी बोलून झाले आहे. ती म्हणाली, "मी काय खोटं लिहिलं का, बाई?" यावर शास्त्रात उत्तर आहे, परंतु मला ते वेळेवर आठवले नाही.

हाताबद्दल तू लिहिलेल्या दोन पानांपैकी चिंतेचे अर्धे पान ठेवून घेते. उपदेशाचे दीड पान परत केले असे समज.

आता मुद्द्याचे. मी कापले आहे.

पहिला वाटा आजपासून एप्रिलअखेरपर्यंत. दुसरा मे महिन्याच्या पहिल्या दिवसापासून पुढे, जितका असेल तितका.

पहिला वाटा लहान दिसेल. परंतु लांबीवरून फळाची गोडी ठरत नाही हे मी तुला सांगायला नको. नाना आता सकाळी तासभर अगदी लख्ख असतात. परवा त्यांनी तुझ्या शाळेतल्या पहिल्या बक्षिसाची गोष्ट सांगितली, तीही हसून. नावे आठवतात. प्रश्न विचारतात. तुला त्यांच्याशी जे बोलायचे असेल, त्यांच्याकडून जे ऐकायचे असेल, ते सारे या आठवड्यांतच आहे. ज्या मुलाचे वडिलांशी बोलणे राहून गेले आहे त्याने याचा विचार करावा.

दुसरा वाटा लांब आहे आणि जड आहे. उचलणे, कूस बदलणे, भरवणे. समोरून शब्द येणार नाही. तुझ्या पाठीचे दुखणे मला ठाऊक आहे. तुझी शिकवण्याची वर्षे अजून संपलेली नाहीत हेही ठाऊक आहे. माझा हात तोपर्यंत बरा होईल आणि मला येथे सवय आहे.

मी निःपक्षपातीपणे दोन्ही बाजू मांडल्या आहेत. आता उचलणे तुझ्या हाती.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिले. पहिल्या दोन्हींत दुसऱ्या वाट्याचे वर्णन अधिक चांगले उतरले होते. आता ते ठीक झाले आहे असे वाटते.

ताई

२ एप्रिल

धाकट्या,

तुझे पत्र नानांच्या खोलीत उभ्याने वाचले. मग स्वयंपाकघरात जाऊन वाचले. मग चमचे काढून पुसून ठेवले आणि पुन्हा वाचले. तुझे वाक्य येथे उतरवते, म्हणजे मी चुकीचे वाचले नाही याची खात्री होईल.

"मी दुसरा वाटा घेतो. नाना बोलत होते तेव्हाही माझ्याशी बोलत नव्हते, त्यामुळे त्यांच्या न बोलण्याची मला सवय आहे. बोलणारे नाना तू ठेव. तुझ्याशी त्यांचे जमते."

परिचारिकेने विचारले, "काय म्हणतात दादा?" म्हटले, मेमध्ये येतो म्हणतात. ती म्हणाली, "म्हणजे जड काम घेतलं त्यांनी! आणि तुम्ही तोंड का असं केलंय, कडू औषध घेतल्यासारखं?"

मी काय सांगणार तिला? तुला तरी काय सांगू?

एक गोष्ट सांगते, ती तुझ्या जन्माआधीची आहे. तेव्हा मी एकटीच होते, म्हणून आई खेळात नानांना घेत असे. आई कापायची, नाना उचलायचे, आणि दर वेळी लहान फोड उचलायचे. आई वैतागे. "अहो, नियम काय, तुम्ही करताय काय? तुम्ही लहानच उचलणार असाल तर मी नीट कशाला कापू?" नाना म्हणत, "तू काप तर खरी." आई मुद्दाम वेडीवाकडी कापून पाहायची, एक फोड नखाएवढी. नाना तीच उचलून चवीने खायचे. शेवटी आईने त्यांना खेळातून काढून टाकले आणि तू मोठा होईपर्यंत माझ्यासमोर स्वतः बसली.

तुमचे सारे शास्त्र एका गृहीतकावर उभे आहे, की प्रत्येक जण आपल्या वाट्याचा आकडा पाहील. मीही तेच गृहीत धरले आणि त्याप्रमाणे सुरी धरली. तू मात्र तक्त्यातला माझ्या लाभाचा आकडाही तुझ्या आकड्यात मिळवलास. पाठ म्हणायला बस म्हटले की दाराबाहेर पळणारा तू. नानांनी कपाळाला हात लावून ज्याचे नाव 'हिशेब्या' ठेवले तो तू. त्यांची एवढी एकच गोष्ट तू उचललीस, आणि मी चाळीस वर्षे पाठ म्हणून ती उचलली नाही.

पण तू चुकला आहेस, धाकट्या. तू लहान फोड उचलली नाहीस. तुझ्या तराजूत ती लहान आहे; माझ्या तराजूत कोय त्याच फोडीत आहे. नवव्या तारखेचे माझे पत्र आता पुन्हा वाच, म्हणजे निःपक्षपाती बहीण कशी लिहिते ते कळेल. मला वाटले होते, हा नानांच्या बोलण्यासाठी भुकेला आहे, पहिली फोड उचलील, आणि शेवट मला राहील.

हे वाचून तू फोड परत ठेवतो म्हणशील. ठेवायची नाही. आईचा नियम आहे, आणि मी नियम मोडून मिळवलेल्या जागी बसून नाम घेऊ शकणार नाही. मी एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निघते. किल्ली परिचारिकेकडे असेल. आपण वाटेत कोठेही भेटू नये हे उत्तम. दोन वाक्यांत भांडण सुरू होते.

नाना कालच एक गोष्ट बोलले. ती मी लिहीत नाही. ती माझ्या वाट्यातली आहे.

ताई

११ मे

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद, तुझ्याच टेबलावरून.

तुझ्या घरात दोन खुर्च्या आहेत आणि बसून खोलगट झालेली एकच आहे. स्वयंपाकघरात फळा लावणारा मनुष्य मी प्रथमच पाहिला. त्यावरचे गणित मी पुसलेले नाही. मात्र कोपऱ्यात 'दूध संपले' असे लिहिले होते तेवढे पुसून दूध आणले. उद्वाहक प्रत्येक मजल्याचे नाव मोठ्याने सांगतो. तो दिवसभर बोलतो आणि मी कोणाशीच बोलत नाही. सकाळी पाठाला बसते, चरणाचा शेवटचा शब्द सवयीने गाळते आणि थांबते. तो शब्द कोणी पुरवीत नाही. मग मीच म्हणते, तोही चुकीच्या सुरात. उठते, खिडकीशी जाते, परत येते. इतक्या वेळा उठबस करणारीला तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारले, "वर सामान हलवताय का?" म्हटले, हो, थोडे जड आहे.

तुझे पत्र काल आले. नाना तीन दिवस गप्प होते, पाठ तुला येईना, तेव्हा तू आपले जे येते ते म्हणू लागलास, पाढे. आणि 'नऊ सत्ते' म्हणून तुला खोकला आला, तर नाना म्हणाले, "त्रेसष्ट." मग तू मुद्दाम थांबू लागलास आणि ते प्रत्येक ओळ पुरी करू लागले. "ताई, ते एकोणतिसाच्या पाढ्यातही अडले नाहीत!" असे तू लिहितोस, आणि खाली तुझे अक्षर लेखणीच्या दोषाने वाकडे झाले आहे.

मला आधी मत्सर वाटला. खोटे कशाला सांगू? बोलणारे सारे नाना मी पहिल्या फोडीत घातले होते, आणि तरी ते दुसऱ्या फोडीत तुझ्याशी बोलले. कोय मी दुसरीत धरली होती; ती तेथेच आहे की नाही, कोणास ठाऊक! फळाच्या आत काय आहे हे न पाहता मी सुरी चालवली, आणि वर तुझ्या शास्त्राला नावे ठेवली.

मग मी तुझ्या ओट्याशी जाऊन एक फळ घेतले आणि कापले. बरोबर मधून, दोन सारख्या फोडी. ताटलीत ठेवल्या आणि हात मागे घेऊन उभी राहिले. कापील त्याने मागून उचलावे ना? बराच वेळ उभी होते. समोर कोणी नाही हे ध्यानात यायला एवढा वेळ लागावा, इतकी ती सवय हाडात गेली आहे. त्या फोडी मला खाता आल्या नाहीत. आई फळ कापायला लावायची, कारण एक घास दोघांच्या तोंडात जाऊ शकत नाही. पण तिने गोष्ट सांगायला घेतली की आपण दोघे तिच्या दोन गुडघ्यांवर बसून एकच गोष्ट ऐकायचो, आणि कोणाला कमी पडली असे कधी झाले नाही. नानांना कापायला हवे असे आपल्याला कोणी सांगितले होते? तू नियम आणलास आणि मी सुरी घेतली. दोघांपैकी एकालाही विचारावेसे वाटले नाही.

आता माझ्या वाट्यातली ती गोष्ट तुला देते.

एप्रिल लागला त्या सकाळी मी नानांसमोर ताटली धरली. हात प्लास्टरमध्ये, फोडी कशाही झालेल्या. त्यांनी लहान उचलली. मोठी मी त्यांच्या पुढे सरकवली तर त्यांनी हाताने अडवली. "झाकून ठेव," म्हणाले. "ती त्याची आहे."

"कोणाची, नाना?"

"हिशेब्याची. तो उशिरा येतो."

धाकट्या, हे त्यांनी लख्ख असतानाच सांगितले, आणि ज्याचे त्याला पोहोचवायला मी सव्वा महिना घेतला. ते तुझ्याशी बोलत नव्हते हे तुझे म्हणणे खरेच असेल, पण ते तुझ्यासाठी ताटली झाकत होते. तेव्हाही आणि आताही. मी त्या दिवशी ती फोड झाकली नाही. मी ती खाल्ली.

तू म्हणतोस, समतोलातून एकट्याने हलणाऱ्याचा तोटा होतो. तुझ्या तक्त्यात माझ्या नावापुढे जो काही तोटा लिहावा लागेल तो लिही. हे पत्र आधी पोहोचावे म्हणून चार दिवस थांबते आणि सकाळच्या गाडीत बसते आहे. किल्ली खालच्या बाईंकडे असेल, आणि तुझ्या फळ्यावरचे गणित आहे तसे आहे. तुझा वाटा मागायला येत नाही. तो तुझाच आहे आणि उचललेले परत ठेवायचे नाही. पाढे तूच म्हण. मी पलीकडच्या गुडघ्याशी बसेन. भांडण होईल, दुसऱ्या वाक्यालाच होईल. परिचारिकेला सांगून ठेव, म्हणजे ती घाबरणार नाही; तिला तर बहुधा मजाच वाटेल.

बाहेरच्या खोलीत मला चटई पुरे. नानांना सकाळी फळ देशील तेव्हा सुरी जपून धर, आणि त्यांनी लहान फोड उचलली की मोठी झाकून ठेव.

मी उशिरा येते आहे, पण येते आहे.

ताई